‘वय झालंय, आता आराम करा’ हा सल्ला स्नायूंना का मानवत नाही?

साठी ओलांडली की घरातल्या मोठ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. पिशव्या उचलू नका, जिने चढू नका, खाली बसू नका, आराम करा. सल्ल्यामागे माया असते, यात वाद नाही. पण स्नायूंचा हिशोब वेगळा आहे. ते वापरले तरच टिकतात. वापर थांबला की शरीर त्यांच्यावरचा खर्च कमी करतं.

स्नायू काम कसं करतात?

आपल्या शरीरात तीन प्रकारचे स्नायू असतात. एक हृदयाचा, जो आयुष्यभर आपोआप धडधडतो. दुसरे आतडी आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधले, जे आपल्याला न विचारता काम करतात. आणि तिसरे हाडांना जोडलेले, जे आपण ठरवू तसे हलतात. या तिसऱ्या प्रकारचेच 600 पेक्षा जास्त स्नायू शरीरात आहेत.

या स्नायूंच्या आत प्रथिनांचे दोन प्रकारचे धागे असतात, बारीक अ‍ॅक्टिन आणि जाड मायोसिन. मेंदूकडून निरोप आला की मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला धरून ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरून ओढतात. रस्सीखेचीत हात मागेपुढे करत दोर ओढावा, अगदी तसंच. धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आकसतो. 1954 साली शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी ही गोष्ट मांडली.

वापर थांबला की काय होतं?

स्नायूंमधली प्रथिनं रोज थोडी मोडतात आणि रोज थोडी नव्याने बनतात. हालचाल आणि ताण मिळाला की बांधकाम जोरात चालतं. ताण मिळाला नाही की बांधकाम मंदावतं आणि मोडतोड वरचढ ठरते.

हात मोडून काही आठवडे प्लास्टर घातलं तर ते काढल्यावर तो हात दुसऱ्यापेक्षा बारीक दिसतो, त्याचं कारण हेच. अंतराळात शरीराचं वजन पेलावं लागत नाही, त्यामुळे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या अंतराळवीरांना रोज साधारण दोन तास व्यायामासाठी राखून ठेवावे लागतात. नाहीतर त्यांचे पाय आणि पाठ कमजोर होतात.

मग वयाचा दोष नाही का?

आहे. वयाच्या तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या झिजेला 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘सार्कोपेनिया’ हे नाव मिळालं. त्याचा ग्रीक भाषेतला अर्थ मांसाची कमतरता.

यात सगळ्यात जास्त फटका बसतो तो ‘जलद’ स्नायुतंतूंना. स्नायूंमध्ये काही तंतू सावकाश पण खूप वेळ काम करणारे असतात, उभं राहणं आणि चालणं त्यांच्या जोरावर होतं. जलद तंतू मात्र क्षणात जोर लावतात. उंबरठ्याला पाय अडखळला की दुसरा पाय झटकन पुढे टाकून तोल सावरतो, तेव्हा हेच तंतू कामी येतात. ते कमी झाले की अडखळणं आणि पडणं यातलं अंतर कमी होतं.

पडल्यावर खुब्याचं हाड मोडलं तर अंथरुणावर पडून राहावं लागतं. त्यात उरलेले स्नायूही झिजतात. अनेक ज्येष्ठांचं चालणं-फिरणं कायमचं मंदावतं ते या चक्रामुळे.

दुसरा फटका साखरेचा. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. साठवायची जागाच कमी झाली की साखर आटोक्यात ठेवणंही अवघड होतं.

उशीर झालाय का?

नाही. 1990 साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये एक छोटा प्रयोग झाला. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या 10 अशक्त लोकांकडून पायांचा वजनाचा व्यायाम आठ आठवडे करून घेतला. एकाने मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीच पटींहून जास्त झाली. मांडीचे स्नायूही आकाराने वाढले. नव्वदीतही स्नायू बांधकामाचा निरोप ऐकतात, हे यातून दिसलं.

घरच्या घरी काय करता येईल?

आधी एक सोपी तपासणी. खुर्चीवर बसून, हात छातीशी बांधून, सलग पाच वेळा उठा-बसा. शेजारी कोणीतरी असू द्या. आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 साली ठरवलेल्या निकषांनुसार यासाठी 12 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पायांकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे.

हीच तपासणी व्यायामही आहे. खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं, कठड्याला धरून जिना चढणं, झेपेल इतकी पिशवी उचलणं. चालणं चांगलंच, पण फक्त चालण्याने ताकद फारशी वाढत नाही. हृदयविकार, गुडघेदुखी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

सोबत प्रथिनं हवीत. भारतात प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. 60 किलोच्या माणसाला म्हणजे साधारण 50 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. वाटीभर पातळ वरणातून यातला छोटाच हिस्सा मिळतो, म्हणून घट्ट डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांचाही वाटा हवा. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

त्यामुळे आजी स्वतः उठून पाण्याचा तांब्या आणायला निघाली, तर तिला अडवायची घाई करू नका. तेवढं उठणंही तिच्या पायांना लागतं.