'ट्रान्स फॅट शून्य' म्हणजे किती?

बिस्किटांच्या पुड्यांवर, टोस्टच्या पाकिटांवर, तेलाच्या पिशव्यांवर ठळक अक्षरांत 'ट्रान्स फॅट फ्री' छापलेलं असतं. भारतीय नियमांप्रमाणे हा दावा करायला पदार्थात ट्रान्स फॅट अजिबात नसावं अशी अट नाही. १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये ते ०.२ ग्रॅमपेक्षा कमी भरलं की दावा करायला मोकळीक. असं असलं तरी मी या शून्याला फसवं म्हणणार नाही, कारण इतक्या थोड्या ट्रान्स फॅटने फारसं बिघडत नाही. वाचायला हवा तो आकडा सहसा त्याच्या वरच्या ओळीत असतो, संपृक्त मेदाचा, म्हणजे 'सॅच्युरेटेड फॅट'चा. तिकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही.

आधी हे ट्रान्स प्रकरण काय ते पाहू. तेलातल्या मेदाम्लांच्या लांबलचक कार्बन-साखळीत अधूनमधून दुहेरी बंध असतात. वनस्पतींच्या तेलात या बंधाच्या दोन्ही टोकांचे हायड्रोजन साधारणपणे एकाच अंगाला असतात. ही 'सिस' रचना. तिथे साखळीला बाक येतो आणि बाकदार साखळ्या एकमेकींना खेटून बसत नाहीत. वेड्यावाकड्या काटक्यांची मोळी कितीही आवळली तरी सैल राहते, उसाची मोळी मात्र घट्ट बसते, तसंच हे. हायड्रोजन विरुद्ध अंगांना गेले की रचना 'ट्रान्स' होते, बाक जवळजवळ जातो आणि साखळ्या दाटीने बसतात. ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असणारं ओलेइक आम्ल १३-१४ अंश सेल्सिअसला वितळतं. अणू तेच, संख्या तीच, पण ट्रान्स रचनेचं इलायडिक आम्ल वितळायला सुमारे ४५ अंश लागतात. शरीराचं तापमान ३७, हे लक्षात घेतलं की या फरकाचं वजन कळतं.

हा घट्टपणाच उद्योगाला हवा होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन याने १९०२ मध्ये द्रव तेलं घट्ट करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तापलेल्या तेलात निकेलची भुकटी घालायची आणि हायड्रोजन सोडायचा. सगळे दुहेरी बंध भरून काढले तर मेणासारखा कडक गोळा होतो, म्हणून प्रक्रिया अर्ध्यावर थांबवायची. मग हवा तसा मऊ, लोण्यासारखा पदार्थ मिळतो. पण या अर्धवट कामात निकेलच्या पृष्ठभागावर काही बंध सुटतात आणि पुन्हा जुळताना उलटे, म्हणजे ट्रान्स होऊन जुळतात.

मुंबईच्या शिवडीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला याच पद्धतीने वनस्पती तूप बनू लागलं आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. साजूक तुपापेक्षा स्वस्त, टिकाऊ, दाणेदार. चिरोट्यांच्या साट्याला, खारीच्या पापुद्र्यांना, नानकटाईच्या खुसखुशीतपणाला घट्ट मेदच लागतो, त्यामुळे बेकरीवाल्यांनी आणि हलवायांनी तो उचलून धरला. सरकारला तेव्हा काळजी होती ती हे साजूक तुपात मिसळून विकलं जाईल याची. म्हणून वनस्पतीत तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं की तिळाच्या तेलामुळे गुलाबी रंग येतो आणि भेसळ पकडली जाते. मोठी नामी युक्ती होती ती! पण तिचा रोख सगळा खिशाच्या रक्षणावर. हृदयाचा प्रश्न अजून कोणाच्या डोक्यातच नव्हता.

कोणाच्याच, असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल. अमेरिकेत फ्रेड कुमेरो यांनी १९५७ मध्येच माणसाच्या शरीरातल्या ऊतींमध्ये ट्रान्स मेदाम्लं सापडत असल्याचं 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं होतं. फार कोणी मनावर घेतलं नाही. पारडं फिरलं ते १९९० मध्ये. नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की ट्रान्स फॅटने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं एचडीएल घटतं. संपृक्त मेद एलडीएल वाढवतो, पण एचडीएलला असा खाली ओढत नाही. ट्रान्सचा मार दुहेरी ठरला.

डेन्मार्कने २००३ मध्ये थेट मर्यादाच घातली: औद्योगिक ट्रान्स फॅट मेदाच्या २ टक्क्यांच्या वर नको. अमेरिकेने २००६ पासून फक्त लेबलवर आकडा छापणं सक्तीचं केलं, तेही एक पळवाट ठेवून. एका 'सर्व्हिंग'मध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य छापायचं. मग सर्व्हिंगच लहान ठरली की शून्य आपोआप अवतरतं, आणि माणूस तर पुडा संपवूनच उठतो. अखेर कुमेरो यांनी वयाच्या ९८ व्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला कोर्टात खेचलं. २०१५ मध्ये प्रशासनाने अर्धवट हायड्रोजनीकृत तेलांवरचा 'सुरक्षित' हा शिक्का काढून घेतला.

भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली: १० टक्के, ५ टक्के, २०२१ मध्ये ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. तेल-तूप वापरून केलेल्या पदार्थांनाही आता तोच नियम, त्यांच्यातल्या एकूण मेदाच्या २ टक्के.

इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १०० ग्रॅम टोस्टमध्ये ८ ग्रॅम मेद असेल तर कायद्याने त्यात जास्तीत जास्त ०.१६ ग्रॅम औद्योगिक ट्रान्स फॅट चालतं. म्हणजे नुसता कायदा पाळला तरी 'ट्रान्स फॅट फ्री'ची ०.२ ची पायरी पार झाली! शेकडा १० ग्रॅमपेक्षा कमी मेद असलेल्या अशा पदार्थाला हा दावा जवळपास फुकटात मिळतो. ३० ग्रॅम मेदाच्या खारीला कायदेशीर मुभा ०.६ ग्रॅमची, तेव्हा तिथे दाव्याला काही अर्थ आहे. सगळ्यात कठीण तो तेलाच्या पिशवीला, कारण ती सगळी मेदच. शिवाय रिफाइंड करताना वास काढण्यासाठी तेल दोनशे अंशांच्या वर तापवतात, त्यात थोडं ट्रान्स तयार होतं. एकाच घोषणेमागची मेहनत पदार्थागणिक अशी बदलते.

आता वरची ओळ. अर्धवट हायड्रोजनीकृत तेल काढलं, तरी बिस्किटाला घट्ट मेद हवाच. ती जागा बहुतेकदा पाम तेलाने किंवा इंटरएस्टरिफाइड, म्हणजे मेदाम्लांची अदलाबदल करून हवा तसा घट्ट केलेल्या, वनस्पती मेदाने घेतली. घटकांच्या बारीक यादीत ही नावं सापडतील. पाम तेलाचा सुमारे निम्मा भाग संपृक्त असतो. समजा, क्रीम बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम मेद आहे आणि त्यातला १० ग्रॅम संपृक्त. आपल्या लेबलचे टक्के दिवसाला २२ ग्रॅम संपृक्त मेद आणि २ ग्रॅम ट्रान्स फॅट धरून काढतात. म्हणजे शंभर ग्रॅमचा पुडा दिवसाच्या संपृक्त मेदाचा जवळपास निम्मा वाटा उरकतो, 'ट्रान्स फॅट फ्री' असूनही. टक्के मात्र एका सर्व्हिंगचे छापतात. ती २५ ग्रॅमची धरली तर तिथे ११ च दिसतील. ट्रान्सपेक्षा संपृक्त मेद कमी घातक, हे खरं. ही अदलाबदल फायद्याचीच झाली. पण ती कमी घातकाशी झालेली आहे, निरुपद्रवाशी नाही.

लोण्याच्या पाकिटावर ट्रान्स फॅट शून्य दिसलं तर कंपनी खोटं बोलते असंही नाही. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव स्वतःच ट्रान्स मेदाम्लं बनवतात आणि ती दुधात, लोण्यात, साजूक तुपात उतरतात. आपल्या लेबलच्या नियमात नैसर्गिक ट्रान्स फॅट वगळून आकडा द्यायचा असतो.

राहता राहिली सुटी खारी, फरसाण आणि मिठाईच्या दुकानातली बालुशाही. त्यांच्यावर हा तक्ता सहसा नसतो. ट्रान्स फॅटमुक्त बेकऱ्यांसाठी आणि खानावळींसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये एक बोधचिन्ह काढलं, पण ते ऐच्छिक आहे. बेकरीवाला वनस्पती किंवा मार्गरिन ज्या डब्यातून किंवा खोक्यातून घेतो, त्याला मात्र २ टक्क्यांची मर्यादा लागू आहे आणि त्यावर घटकांची नावंही असतात. ओळखीचा दुकानदार असेल तर डबा दाखवायला तो बहुधा नाही म्हणणार नाही.