तळं नसलेला तळ्यातला गणपती

परवा कुरिअरच्या मुलाचा फोन आला. "काका, लाकडी पूल म्हणता, पण मी पुलावरच उभाय आणि हा लाकडाचा नाही." म्हटलं, "तोच. खाली उतर आणि डावीकडे वळ." पुढचे दोन शब्द त्यानं फोन ठेवल्यावर उच्चारले असावेत.

चूक त्याची नव्हती. कागदोपत्री हा पुण्याचा छत्रपती संभाजी पूल. लाकडी पूल बांधला गेला 1761 मध्ये, पानिपतानंतर. हरून परतणाऱ्या सैन्याला भर पेठेतून मान खाली घालून जावं लागू नये म्हणून नानासाहेब पेशव्यांनी तो बांधवला, असं सांगतात. त्यातलं लाकूड कधीच गेलं. नाव मात्र रिक्षावाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या तोंडी टिकून राहिलं. त्याच नदीवरचा शंभरी गाठलेला शिवाजी पूल अजून 'नवा पूल'च आहे.

पुण्याची आठवण वास्तूंपेक्षा पत्त्यांत जास्त टिकते, असं माझं मत झालं आहे. वाडे पडतात, त्यांच्या जागी 'अमुक हाइट्स' उभ्या राहतात, पण पत्ता जुनाच राहतो. सारसबागेतल्या गणपतीचंच बघा. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी तळं केलं, त्यातल्या बेटावर 1784 मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. तळं आटलं, तिथं हिरवळ आली, बाहेर भेळेच्या गाड्या आल्या. घरातली म्हातारी माणसं तरी 'तळ्यातल्या गणपतीलाच' जातात. देवांना नावं ठेवायची तर पुणेकरांनीच: जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा. खुन्या मुरलीधराच्या नावामागे प्रतिष्ठापनेच्या वेळचा रक्तपात आहे. या नावांना ना ठराव लागला, ना उद्घाटन.

पानिपतानंतर बरोबर दोनशे वर्षांनी त्याच लाकडी पुलावरून पाणी गेलं. 12 जुलै 1961. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली, तरी सकाळी ते फुटलं. पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्याकडे नारायण पेठेच्या बिऱ्हाडातलं आजीचं सागवानी कपाट अजून आहे. खालच्या कप्प्यात गाळाची तपकिरी रेघ आहे आणि सगळ्यात खालचा खण त्या दिवशी फुगला तो आजतागायत उघडलेला नाही. सुताराने रंधा मारून देतो म्हटलं, तेव्हा आई म्हणाली, "असू दे तसाच." आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. बहुधा काहीच नसेल.

पूर शिरलेल्या घरांत काळ मोजायचं मापच बदललं. "तिचं लग्न पानशेतच्या आधीचं", "हा पानशेतनंतरचा". वाड्याच्या चौकात वाढलेली माणसं लोकमान्यनगरात, सहकारनगरात, गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये राहायला गेली. मुळात पेठ म्हणजे पुणे, बाकी सगळं पुण्याबाहेर, हा ताठा त्या पुराने जेवढा मोडला तेवढा कुठल्याही विकास आराखड्याने मोडला नसेल. पूर्ण मोडला असं मात्र म्हणवत नाही. सदाशिव पेठ सोडून पन्नास वर्षं झालेली माणसंही ओळख करून देताना "मूळचे पेठेतले" म्हणायला विसरत नाहीत.

पण तोंडी आठवणीचं एक खोडसाळ अंग आहे. तोंडं ज्यांची, आठवण त्यांची. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात 1 जानेवारी 1848 रोजी जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे त्या वाड्यात दुकानं आली आणि शाळेचा मागमूस उरला नाही. समोर दगडूशेठचा गणपती, म्हणून पत्ता 'दगडूशेठसमोर'. जी जागा शहराच्या जिभेवर नाही, तिच्यासाठी आंदोलनं करावी लागतात, सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागतं. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये मोडकळीला आलेला वाडा पाडून जागा राष्ट्रीय स्मारकासाठी मोकळी केली गेली. आठवण जपायची म्हणून आठवणीची भिंत पाडायची, हा प्रकार मला अजून पचलेला नाही. पण त्या भिंतीही धड उरल्या नव्हत्या, हेही खरं.

फुल्यांच्या बाबतीत पुण्याने आणखी एक गंमत केली. रे मार्केटवर नगरपालिकेने पैसा ओतण्याला त्यांचा विरोध होता. आज ती महात्मा फुले मंडई आहे. लोक नुसतंच 'मंडई' म्हणतात. त्यांचा वाडा आहे ती महात्मा फुले पेठ, पण जिभेवर अजून गंज पेठच. अस्पृश्यांसाठी त्यांनी 1868 मध्ये खुला केलेला हौदही त्याच वाड्यातला.

गेल्या महिन्यात मुद्दामच रिक्षावाल्याला म्हटलं, "भिडेवाड्याला सोडा." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मीटर पाडला आणि विचारलं, "म्हणजे दगडूशेठलाच ना, काका?"