फोल्डरला ७७७ परमिशन देताय? थांबा, आधी 'इतर' म्हणजे कोण ते बघा

वेबसाइटवर फोटो चढवायला गेलं आणि एरर आली, की या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर येतं, "परमिशन ७७७ करून टाक." तसं केलं की फोटो चढतोही बऱ्याचदा. म्हणून तर हा सल्ला इतका पसरलाय.

आधी हे आकडे काय सांगतात ते बघू. बहुतेक होस्टिंग सर्व्हर लिनक्सवर चालतात. तिथे प्रत्येक फाइल आणि फोल्डरवर तीन आकडे असतात. पहिला मालकासाठी, दुसरा त्याच्या गटासाठी, तिसरा इतर सगळ्यांसाठी. वाचायला ४, लिहायला २ आणि चालवायला १, यांची बेरीज करायची. म्हणजे ६४४ असेल तर मालक वाचू आणि लिहू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे' म्हणजे आत शिरणे. म्हणून फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ ही नेहमीची जोडी. सगळ्याला सरसकट ६४४ दिलं की फोल्डरची दारंच बंद होतात आणि साइटवर '४०३ फॉरबिडन' झळकतं.

आता ७७७ मधला तिसरा सात. हे 'इतर' म्हणजे तुमच्या साइटला भेट देणारे लोक नव्हेत. ते वेब सर्व्हरमार्फत येतात, थेट फोल्डरपर्यंत पोहोचत नाहीत. 'इतर' म्हणजे त्याच सर्व्हरवरची बाकीची खाती. शेअर्ड होस्टिंग ही चाळच आहे. एकाच मशीनवर अनेक अनोळखी लोकांच्या साइट्स. त्यातली एखादी हॅक झाली, तर तिथे घुसलेला प्रोग्राम शेजारी कोणाचं दार उघडं आहे ते तपासतो. चांगल्या होस्टिंग कंपन्या हल्ली प्रत्येक खातं वेगळं कोंडून ठेवतात, पण तुमच्या कंपनीने ते केलंय का हे तुम्हाला ठाऊक असतं का?

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फाइल डिलीट करण्याचा हक्क साधारणपणे फाइलच्या परमिशनवर अवलंबून नसतो, तो फोल्डरच्या परमिशनवर असतो. फोल्डर ७७७ असेल तर आतली फाइल तुम्ही ४४४ करून ठेवली तरी शेजारी ती काढून त्याच नावाची स्वतःची फाइल तिथे ठेवू शकतो.

मग मूळ एररचं काय? बहुतेक वेळा घोळ मालकीचा असतो. आज बऱ्याच ठिकाणी पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालतं, म्हणजे ते मालक ठरतं आणि ७५५ मध्येही सहज लिहू शकतं. तरी लिहिता येत नसेल, तर साइट हलवताना किंवा बॅकअप परत आणताना फाइलींचा मालक बदललाय का ते बघा. तो दुरुस्त करायला सपोर्टला सांगा, ते त्यांचंच काम आहे. उलट काही सर्व्हरवर ७७७ केल्यावर साइट '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' देते, कारण कोणीही बदलू शकेल असा प्रोग्राम चालवायला तो सर्व्हर नकार देतो. बरोबरच आहे त्याचं.

वर्डप्रेसवाल्यांनी 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' ही फाइल वेगळी सांभाळावी. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत असतो, आणि डेटाबेसमध्ये तुमच्या ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर. ६४४ असेल तर 'इतर' ती वाचू शकतात. वर्डप्रेसची स्वतःची शिफारस ४४० किंवा ४०० ची आहे.

डिझायनरला किंवा भाच्याला फोल्डर वापरायला द्यायचा असेल तर मुख्य पासवर्ड देऊ नका. सी-पॅनलमध्ये एका फोल्डरपुरतं वेगळं एफटीपी खातं काढता येतं. पण त्यावर फार विसंबू नका. तो फोल्डर साइटच्या आत असेल, तर तिथे चढवलेली पीएचपी फाइल ब्राउझरमधून उघडली की ती तुमच्या नावाने चालते आणि बाकीचे फोल्डरही वाचू शकते. त्यामुळे एफटीपी विश्वासातल्या माणसालाच द्या. नुसते लेख आणि फोटो टाकायचे असतील तर वर्डप्रेसमध्ये त्याला 'ऑथर' करा, तेवढं पुरतं. आणि काम झालं की ते एफटीपी खातं त्याच दिवशी काढून टाका. काढताना त्या फोल्डरमधल्या फाइलीही उडवायच्या का असा पर्याय येतो, तिथे घाईत टिक करू नका.