संगणकशास्त्राचे शिक्षण आणि संस्थेची निवड

संगणकाकडून एखादे काम करवून घेण्यासाठी त्याला द्यावयाच्या सूचनांची सुसंगत मालिका म्हणजे आज्ञावली किंवा प्रोग्रॅम होय. अशी आज्ञावली रचणे, ती तपासणे, तिच्यातील दोष काढणे व बदलत्या गरजांनुसार ती सुधारत राहणे, या कौशल्यांना आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या गणिती व तांत्रिक तत्त्वांना वाहिलेली विद्याशाखा म्हणजे संगणकशास्त्र. भारतात या शाखेचे शिक्षण पदविका, पदवी व पदव्युत्तर अशा अनेक पातळ्यांवर आणि परस्परांहून फार भिन्न दर्जाच्या संस्थांत दिले जाते. बारावीनंतर यांपैकी कोणती संस्था निवडावी, हा मध्यमवर्गीय व ग्रामीण कुटुंबांपुढील मोठ्या आर्थिक निर्णयांपैकी एक झाला आहे. चार वर्षांचे शुल्क व वसतिगृहाचा खर्च मिळून होणारी रक्कम अनेकदा कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या बचतीइतकी असते आणि निवड चुकली, तर ती सुधारण्याची संधी क्वचितच मिळते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : केंब्रिज विद्यापीठाने १९५३ मध्ये सुरू केलेली संख्यात्मक विश्लेषण व स्वयंचलित गणन या विषयांची पदविका हा या क्षेत्रातील अगदी आरंभीचा औपचारिक अभ्यासक्रम होय. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. भारतात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये एचईसी–२एम हा ब्रिटिश संगणक आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. तथापि ही यंत्रे मुख्यतः संशोधनासाठी होती. आज्ञावलीलेखनाच्या व्यापक शिक्षणाची सुरुवात १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आयबीएम १६२० हे यंत्र आल्यानंतर झाली, असे मानण्यास हरकत नाही. तेथे फोर्ट्रान भाषेचे अल्पमुदतीचे वर्ग भरविण्यात आले व देशभरातील प्राध्यापक, अभियंते व वैज्ञानिक त्यांत शिकून गेले. विद्यार्थी आपली आज्ञावली छिद्रित पत्रांवर उतरवून देत आणि उत्तरासाठी वाट पाहत. यंत्राचा वेळ दुर्मीळ असल्याने कागदावर काळजीपूर्वक विचार करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. या सक्तीचा लाभ त्या पिढीला झाला, असे म्हणता येईल.

कानपूरला संगणकशास्त्राचा स्वतंत्र बी. टेक. अभ्यासक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. १९८० नंतरच्या दशकात व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार विज्ञान, वाणिज्य इ. शाखांच्या पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एम. सी. ए. हा अभ्यासक्रम आला. २०२०–२१ पासून तो दोन वर्षांचा करण्यात आला. महाराष्ट्रात १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास शासनाने परवानगी दिल्यानंतर संस्थांची संख्या झपाट्याने वाढली. जागा वाढल्या, परंतु देणग्यांची प्रथाही फोफावली आणि तिला आळा घालण्यासाठी राज्याला कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक अधिनियम, १९८७ करावा लागला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) पदवीधरांसाठी प्रगत संगणनाची पदविका सुरू केली. इतर शाखांतील अनेक अभियंत्यांनी याच वाटेने संगणकक्षेत्रात प्रवेश केला.

अभ्यासक्रमांचे प्रकार : संस्थेच्या आधी अभ्यासक्रम ठरविणे आवश्यक असते. मात्र व्यवहारात नेमके उलट घडताना दिसते. चार वर्षांच्या बी. ई. किंवा बी. टेक. अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी सर्व शाखांना समान असे गणित, भौतिकी, विद्युत् इ. विषय असतात. त्यानंतर माहितीची संरचना, अल्गॉरिदम, संगणकाची अंतर्गत रचना, कार्यप्रणाली, माहितीसाठ्यांची व्यवस्था, संगणकांची जाळी, कंपायलर व गणनाचा सिद्धांत हे विषय येतात. विज्ञान शाखेची बी. एस्‌सी. (संगणकशास्त्र) ही पदवी व बी. सी. ए. हे तुलनेने कमी खर्चाचे मार्ग आहेत. त्यांत अभियांत्रिकीचे सामान्य विषय नसल्याने आज्ञावलीलेखनाला आरंभापासून अधिक वेळ मिळतो. बी. सी. ए. हा अभ्यासक्रम २०२४–२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला व महाराष्ट्रात त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. दहावीनंतरची तीन वर्षांची तंत्रनिकेतनातील पदविका पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो.

अलीकडे संगणक अभियांत्रिकीच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता, विदाविज्ञान, सायबर सुरक्षा अशा नावांच्या स्वतंत्र शाखा निघाल्या आहेत. या शाखांचे पहिल्या दोन-अडीच वर्षांचे विषय पुष्कळदा सारखेच असतात आणि फरक अखेरच्या काही विषयांपुरता राहतो. म्हणून शाखेच्या नावापेक्षा सत्रनिहाय विषयांची यादी वाचणे अधिक उपयुक्त ठरते. एखाद्या अभ्यासक्रमात कार्यप्रणाली, अल्गॉरिदम व असंतत गणित यांना कात्री लावून प्रचलित साधनांची नावे भरलेली आढळल्यास तो अभ्यासक्रम लवकर शिळा होण्याचा संभव असतो. साधने दर काही वर्षांनी बदलतात, तर उपर्युक्त तीन विषयांतील मूळ कल्पना अनेक दशके टिकून आहेत.

मान्यता व मूल्यांकन : भारतात पदवी प्रदान करण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ अन्वये केवळ विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना व संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करतो. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरविते, परंतु पदवी विद्यापीठाचीच असते. स्वायत्ततेमुळे चांगली संस्था अभ्यासक्रम वेळेवर सुधारू शकते. सामान्य संस्थेत मात्र तीच स्वायत्तता सोप्या प्रश्नपत्रिकांचे साधन बनू शकते.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) आणि राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ (एनबीए) या दोन यंत्रणांची गल्लत वारंवार होते. पहिली संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर दुसरी एकेका अभ्यासक्रमाचे. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाच्या यंत्र अभियांत्रिकीला मंडळाची अधिस्वीकृती असली, तरी तेथील संगणक शाखेला ती असेलच असे नाही, आणि प्रवेशद्वारावरील फलक याबाबत सहसा मौन पाळतो. वॉशिंग्टन करार या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. तथापि तीनुसार परदेशात मिळणारी समकक्षता मंडळाच्या पहिल्या श्रेणीच्या प्रक्रियेतून अधिस्वीकृत झालेल्या अभ्यासक्रमांपुरतीच आहे. ही प्रक्रिया शैक्षणिक स्वायत्तता असलेल्या संस्थांसाठी असते.

शिक्षक व प्रयोगशाळा : आज्ञावलीलेखन हे पोहण्यासारखे करूनच शिकावयाचे कौशल्य आहे, आणि विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली जाणत्या माणसाने वाचून तिच्यावर अभिप्राय देणे हा त्याच्या शिक्षणाचा गाभा होय. संस्थांमधील खरा भेद येथेच पडतो. पदवी अभ्यासक्रमासाठी तंत्रशिक्षण परिषदेने विहित केलेले प्रमाण पूर्वी १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे होते, ते नंतर २० विद्यार्थ्यांमागे एक असे शिथिल करण्यात आले. २०२४–२५ पासून चांगली कामगिरी करणाऱ्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादाही काढण्यात आली. त्यामुळे मागणी असलेल्या संगणक शाखेत तुकड्यांची भर पडली. उद्योगक्षेत्रात अधिक वेतन मिळत असल्याने या विषयाचे अनुभवी शिक्षक टिकविणे कठीण असते आणि तुकड्या ज्या वेगाने वाढतात, त्या वेगाने शिक्षक वाढत नाहीत. संस्थांनी आपल्या संकेतस्थळावर शिक्षकांची नावे, अर्हता व अनुभव प्रकट करणे बंधनकारक आहे. ही यादी संगणक विभागापुरती वाचली, तर त्यांपैकी कितीजण अनेक वर्षे तेथे आहेत व कितीजण नुकतेच पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाले आहेत, हे अर्ध्या तासात कळते.

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांची परिणती ‘जर्नल’ पूर्ण करण्यात होते. ठराविक प्रयोगांच्या आज्ञावल्या एका वहीतून दुसरीत उतरतात, त्यांच्या निकालांचे मुद्रित कागद चिकटविले जातात, सत्राच्या अखेरीस सबमिशनची धांदल उडते व स्वाक्षऱ्या मिळाल्या की काम संपते. याउलट जेथे दरवर्षी प्रयोग बदलतात, तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला त्याच्याच आज्ञावलीत बदल करावयास सांगितले जाते व प्रयोगशाळा वर्गाच्या वेळेनंतरही खुली असते, तेथे शिकण्यास वाव असतो. सूचना दिल्यावर स्वतः आज्ञावली लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा २०२२ नंतर प्रसार झाल्यापासून नक्कल करणे आणखी सोपे झाले. परिणामी दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचणे व तिच्यातील चूक शोधणे यांचे महत्त्व वाढले आहे. या गोष्टींची माहिती पुस्तिकेत मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मागील आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला काय केले, एवढे विचारल्यास ती सहज मिळते.

नोकरीविषयक आकडे : संस्थांच्या जाहिरातींत सर्वाधिक वेतनाचा आकडा ठळक असतो. पालकांच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी होय, कारण तो एका विद्यार्थ्याविषयी असतो. सरासरीही फसवी ठरू शकते. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊजणांना वार्षिक ४ लाख रुपये व एकाला ४४ लाख रुपये मिळाले, तर सरासरी ८ लाख रुपये येते. प्रत्यक्षात त्या रकमेच्या आसपासही कोणाचे वेतन नसते. मध्यक मात्र ४ लाख रुपयेच येतो. टक्केवारीबाबत छेद पाहणे महत्त्वाचे असते. १२० विद्यार्थ्यांच्या वर्गात गुणांच्या अटीमुळे ८० जणच ‘पात्र’ ठरले आणि त्यांच्यापैकी ५४ जणांना मिळून ७२ नियुक्तिपत्रे आली, तर ७२ ला ८० ने भागून ९० टक्के यश जाहीर करता येते. पूर्ण वर्गाच्या हिशेबाने नोकरी मिळालेले विद्यार्थी ४५ टक्केच असतात. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखड्यात २०१६ पासून क्रमवाऱ्या प्रसिद्ध होत आहेत. त्यासाठी संस्थांनी सादर केलेल्या तक्त्यांत उत्तीर्ण विद्यार्थी, नोकरी मिळालेले विद्यार्थी व मध्यक वेतन हे आकडे असतात. क्रमवारीतील स्थानापेक्षा हे तक्ते अधिक बोलके असतात. मात्र ते संस्थेचे एकत्रित असून केवळ संगणक शाखेचे नसतात.

प्रवेशप्रक्रिया व पसंतीक्रम : राष्ट्रीय तंत्रविज्ञान संस्थांचे प्रवेश जेईई (मेन) व भारतीय तंत्रविज्ञान संस्थांचे जेईई (ॲडव्हान्स्ड) या परीक्षेतील क्रमांकानुसार होतात. २०१५ पासून या दोहोंचे जागावाटप संयुक्तपणे केले जाते. महाराष्ट्रातील इतर महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राबविली जाते. राष्ट्रीय पातळीवरील संयुक्त वाटपाची पद्धत डेव्हिड गेल व लॉइड शॅपली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या रीतीवर आधारलेली आहे. तीनुसार प्रत्येक उमेदवाराचा त्याच्या यादीतील सर्वांत वरच्या पर्यायासाठी विचार होतो. तेथे अधिक वरच्या क्रमांकाच्या उमेदवारांनी जागा भरल्या असल्यास तो पुढील पर्यायाकडे जातो. न मिळालेला पर्याय वर लिहिल्याबद्दल खालच्या पर्यायावरील त्याचा हक्क कमी होत नाही. राज्याच्या प्रक्रियेतही जागा गुणवत्ताक्रमाने दिल्या जातात व हेच तत्त्व लागू पडते. ‘अवघड महाविद्यालय पहिले लिहिले, तर हातची जागाही जाईल’ हा पालकांत सर्रास आढळणारा समज म्हणूनच निराधार आहे. यादी खऱ्या पसंतीच्या क्रमानेच लिहिणे हिताचे असते. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. राज्याच्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाल्यास तो स्वीकारावा लागतो व पुढील फेऱ्यांत भाग घेता येत नाही. तेव्हा केवळ नावाच्या ओढीने लिहिलेला पहिला पर्याय गळ्यात पडू शकतो.

खर्च व सवलती : खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजना, शिक्षण शुल्क माफी योजना, तसेच वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींसाठी २०२४–२५ पासून लागू झालेली संपूर्ण शुल्कमाफी यांमुळे प्रत्यक्ष भार पुष्कळ कमी होऊ शकतो. या सवलती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहेत. संस्था पातळीवरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणाऱ्यास त्या मिळत नाहीत. ‘जागा लगेच निश्चित करतो’ अशा आश्वासनावर फेऱ्या सुरू होण्यापूर्वीच पैसे भरणाऱ्या कुटुंबाला ही बाब अनेकदा उशिरा उमगते.

माध्यम व अन्य मार्ग : मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची पहिल्या वर्षातील अडचण पुष्कळदा तर्काची नसून इंग्रजीतील व्याख्यानांची असते. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी दिली व पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. आज्ञावलीच्या भाषांतील संकेतशब्द व संदर्भसाहित्य इंग्रजीतच असल्याने अशा वर्गातही इंग्रजी वाचनाचा सराव टाळता येत नाही. गावाजवळील साधारण महाविद्यालय पत्करावे लागलेल्या विद्यार्थ्यांना भारतीय तंत्रविज्ञान संस्थांची एनपीटीईएल ही व्याख्यानमाला विनाशुल्क उपलब्ध आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने २०२० मध्ये आज्ञावलीलेखन व विदाविज्ञान यांचा आंतरजालाद्वारे शिकविला जाणारा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईईची अट नाही. आरंभीच्या काही आठवड्यांच्या अभ्यासानंतरच्या पात्रता परीक्षेवर प्रवेश अवलंबून असतो आणि दुसऱ्या महाविद्यालयात शिकत असतानाही तो पूर्ण करता येतो.