आजचे वाढपी, इयत्ता दुसरी

चौथा तास संपल्याची घंटा होते आणि जपानमधल्या प्राथमिक शाळेचा वर्ग पाच-दहा मिनिटांत पंगतीला तयार होतो. बाकं एकमेकांना जोडली जातात, त्यांवर घरून आणलेले रुमाल अंथरले जातात. तेवढ्यात पाच-सात मुलं पांढरे एप्रन चढवतात, केस टोपीत कोंबतात, मास्क लावतात आणि रांगेनं जेवण आणायला निघतात. ही त्या आठवड्याची ‘तोबान’, म्हणजे पाळीची मुलं. भाताचा डबा दोघांनी दोन बाजूंनी धरायचा, सूपचं जड पातेलं हिंदकळू द्यायचं नाही. वर्गाचं जेवण हीच मुलं आणतात आणि हीच वाढतात. पहिलीतल्या नवख्यांच्या मदतीला अनेक शाळांत सहावीतले दादा-ताई येतात.

वाढणं वाटतं तितकं सोपं नाही. मिसो सूप तळापासून ढवळलं नाही, तर पहिल्यांच्या वाटीत नुसतं पाणी आणि शेवटच्यांच्या वाट्याला सगळा तोफू. आधी सढळ हातानं वाढलं, तर मागच्यांना पुरत नाही. सगळ्यांची ताटं भरेपर्यंत कुणी घास उचलत नाही. मग हात जोडून एका सुरात ‘इतादाकिमास’ म्हणायचं: हे अन्न आम्ही नम्रपणे स्वीकारतो. वर्गशिक्षकही तिथेच बसून तेच जेवतात. एखादं पुडिंग उरलंच, तर ते कुणाचं हे ‘जानकेन’नं, म्हणजे दगड-कागद-कात्रीच्या खेळानं ठरतं.

या जेवणाला ‘क्यूशोकु’ म्हणतात. त्याची सुरुवात 1889 ची सांगितली जाते. यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे एका मंदिराच्या आवारातल्या शाळेत भिक्षूंनी गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर देश उपाशी होता. डिसेंबर 1946 मध्ये परदेशी मदतीचं धान्य-दूध टोकियोतल्या शाळांत पोचलं आणि क्यूशोकु पुन्हा उभं राहिलं. 1954 मध्ये त्याचा कायदा झाला. त्या काळातल्या मुलांच्या आठवणीत आजही लांबट पाव आणि दुधाच्या भुकटीचा नकोसा वास आहे. भाताच्या या देशात शाळेच्या ताटात भात अधिकृतपणे आला तो थेट 1976 मध्ये!

भूक भागवणं हा पहिला हेतू मागे पडला, तरी जेवण शाळेतून गेलं नाही. उलट ते शिक्षणात जास्त मुरलं. 2005 मध्ये ‘शोकुइकु’चा, म्हणजे अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदा आला. त्याच वर्षापासून शाळांत पोषण-शिक्षक नेमता येऊ लागले. महिन्याचा मेनू छापून घरी जातो. आजचा मुळा गावातल्या कुठल्या शेतातला, हेही काही ठिकाणी मुलांना सांगितलं जातं.

या व्यवस्थेनं ठेचाही खाल्ल्या आहेत. 1996 च्या उन्हाळ्यात साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ‘ओ-157’ जिवाणूची बाधा झाली. हजारो मुलं आजारी पडली, काही दगावली. तेव्हापासून नियम कडक झाले. प्रत्येक पदार्थाचा नमुना उणे 20 अंशांवर दोन आठवडे जपून ठेवतात, आणि मुलांच्या आधी मुख्याध्यापक किंवा दुसरी जबाबदार व्यक्ती ते जेवण चाखते. ताट संपेपर्यंत मुलाला मधल्या सुट्टीतही बसवून ठेवण्याची जुनी सक्तीही आता चुकीची मानली जाते. वाढून घेतानाच ‘मला थोडं कमी’ म्हणायची मुभा बहुतेक वर्गांत आहे.

‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणून जेवण संपतं, काम नाही. ताटं प्रकारानुसार रचायची, उरलेलं अन्न एका भांड्यात काढायचं. अनेक शाळांत दुधाची खोकी उलगडून, धुऊन, वाळत घालतात. त्यांचा पुढे कागद होतो. मग बऱ्याच ठिकाणी सफाईची वेळ सुरू होते.

शुक्रवारी पाळी संपलेली मुलं एप्रन पिशवीत घालून घरी नेतात. शनिवार-रविवारी तो धुतला जातो, वाळतो, त्याला इस्त्री होते. सोमवारी सकाळी घडी घातलेला एप्रन वर्गातल्या खुंटीवर परत टांगला जातो, कारण दुपारी तो दुसऱ्याच कुणीतरी घालायचा असतो.