दंड दहा हजारांचा, पण फुंकायला सांगतंय कोण?

"दोनच घेतल्यात रे, काय होतंय!" ढाब्यावरची बर्थडे पार्टी संपली की बाईकला किक मारताना हा डायलॉग हमखास ऐकू येतो. जळगाव असो की धुळे.

कायदा मात्र पेग मोजत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं की, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर तो गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा १५ हजार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चौकात पावती फाडून हे मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते.

मग मृत्यू कमी झाले का? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले. नशेत गाडी चालवल्यामुळे गेलेले त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास, तर अतिवेगामुळे सत्तर टक्क्यांहून जास्त. वाचून हायसं वाटेल, पण थांबा. पिऊन सुसाट सुटलेल्याचा अपघात कागदावर 'अतिवेग' म्हणूनही जमा होऊ शकतो. चालक पळाला किंवा रक्त उशिरा घेतलं, तर तोवर दारू उतरलेली असते. म्हणजे आकडा छोटा आहे म्हणून कायदा जिंकला, असं म्हणता येत नाही.

मे २०२४ मधला रामदेववाडीचा अपघात आठवा. जळगाव-पाचोरा रस्त्यावर कारच्या धडकेत आईसह मुलं, असे चार जण गेले. कारमध्ये गांजा सापडल्याचं समोर आलं आणि अटक व्हायला दोन आठवडे उलटले. कलम १८५ अमली पदार्थांनाही लागू आहे, पण ब्रेथ अ‍ॅनालायझरला गांजा कळत नाही. तिथे रक्ताची तपासणीच लागते, तीही वेळेत.

पळवाटाही आहेतच. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारू दुकानं १ एप्रिल २०१७ पासून बंद, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश होता. तेव्हा जळगाव शहरातले राज्यमार्ग महापालिकेकडे वर्ग करण्याचा निर्णय निघाला. रस्ता तोच, दुकान तेच, बदलला तो कागद! पुढे जुलैमध्ये पालिका हद्दीला कोर्टानेच सूट दिली.

दंडाच्या आकड्यापेक्षा पकडले जाण्याची खात्री माणसाला जास्त रोखते, हा जगभरचा अनुभव आहे. थर्टी फर्स्टला नाकाबंदी होते, तेव्हा आपणच "आज रिक्षाने जाऊ" म्हणतो ना? तीच धास्ती मुंबई-आग्रा महामार्गावर एखाद्या साध्या मंगळवारीही हवी.

तोवर नाकाबंदी आपल्या ग्रुपमध्येच लावू या. ज्याने घेतली, त्याच्याकडून चावी काढून घ्यायची. तो रात्रभर रुसेल, शिव्या घालेल. सकाळी चहाला मात्र सोबत असेल.