हिरवळीच्या गवतांचे शीतानुकूलन
उष्ण ऋतूत जोमाने वाढणाऱ्या हिरवळीच्या गवतांमध्ये (उदा., हरळी, झॉयसिया) तापमान हळूहळू उतरू लागले असता कोशिकांच्या (पेशींच्या) रासायनिक घडणीत काही बदल होतात आणि त्यांमुळे गोठणबिंदूखालील तापमान सोसण्याची क्षमता त्यांना येते. या प्रक्रियेस ‘शीतानुकूलन’ म्हणतात. ही क्षमता म्हणजे वनस्पतीचा कायम गुणधर्म नव्हे. ती दरवर्षी हिवाळ्यापूर्वी मिळविली जाणारी आणि उबेत गमावली जाणारी अवस्था आहे.

गणेशपूजेतील दूर्वा व शेतातील चिवट तण म्हणून महाराष्ट्रात परिचित असलेली हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन) ‘बर्म्यूडा ग्रास’ या नावाने जगभर क्रीडांगणांवर लावली जाते [⟶ हरळी]. महाराष्ट्रात तिला थंडीचे भय फारसे नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा, कॅन्सस, केंटकी यांसारख्या राज्यांत मात्र उन्हाळा तिला मानवणारा, तर हिवाळा कधीकधी प्राणघातक असतो. तेथे एखाद्या कडक हिवाळ्यात संपूर्ण मैदान नष्ट होऊ शकते. त्यामुळे या विषयाचे पुष्कळसे संशोधन त्या भागात झाले आहे.

थंडीचे परिणाम : हरळीची वाढ सु. २७° ते ३५° से. तापमानात उत्तम होते. तिचे प्रकाशसंश्लेषण सी-४ प्रकारचे असून त्यातील पायरुव्हेट फॉस्फेट डायकायनेज हे एंझाइम चार उपघटकांचे बनलेले असते. सु. १२° से. खाली हे घटक विलग होऊन एंझाइम निष्क्रिय होण्याकडे कल असतो. पाने प्रकाश शोषीत राहतात, पण त्या ऊर्जेचा विनियोग होत नाही. परिणामी ऑक्सिजनाची घातक, विक्रियाशील रूपे तयार होतात; हरितद्रव्याचा ऱ्हास होऊन पाने पिंगट पडतात. हे मरण नव्हे, ही सुप्तावस्था होय. जीव जमिनीलगतच्या खोडाच्या तळाशी (मुकुटात) व मूलक्षोडांत (जमिनीतील आडव्या खोडांत) टिकून असतो.

खरा धोका पाणी गोठण्याचा असतो. बर्फ प्रथम कोशिकांमधील पोकळ्यांत तयार होते व ते कोशिकांतील पाणी बाहेर ओढून घेते. −१०° से. तापमानास वनस्पतींच्या कोशिकांतील तर्षणक्षम पाण्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक पाणी सामान्यतः असे निघून जाते. गोठण्याने येणारी हानी त्यामुळे मुख्यतः निर्जलीभवनाची असते. आकसलेल्या कोशिकेतील पटले एकमेकांना भिडतात, त्यांची रचना बिघडते आणि बर्फ वितळल्यावर कोशिकेतील द्रव्ये पाझरून जातात.

रेणवीय बदल : थंडीची चाहूल प्रथम पटलांना लागते. त्यांची तरलता घटते व कोशिकेत कॅल्शियम आयनांचा प्रवाह सुरू होतो. पुढील संदेशवहनाचा उलगडा प्रामुख्याने अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुलातील वनस्पतीवरून झाला. तीत १९९७ मध्ये सीबीएफ-१ हे जीन (आनुवंशिक घटक) वेगळे करण्यात आले. त्यापासून बनणारे प्रथिन डीएनएमधील विशिष्ट क्रमाला चिकटून थंडीत उपयोगी पडणारी अनेक जीने एकदम कार्यान्वित करते. या गटातील जीने हरळी व झॉयसिया यांतही आढळली आहेत.

या जीनांच्या कार्यामुळे तीन प्रकारचे संरक्षण मिळते. (१) पटलांतील लिपिडांमध्ये असंतृप्त वसाम्लांचे, विशेषतः लिनोलेनिक अम्लाचे, प्रमाण वाढते. थंडीत खोबरेल गोठते, पण करडईचे तेल वाहते राहते, ते याच असंतृप्ततेमुळे. पटलेही तशीच तरल राहतात. (२) शर्करा व प्रोलीन साचून पाणी धरून ठेवतात, तर डीहायड्रिन नावाची प्रथिने निर्जल होणाऱ्या पटलांना व प्रथिनांना आधार देतात. (३) सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटॅलेज इ. एंझाइमे ऑक्सिजनाची घातक रूपे निष्प्रभ करतात. यांखेरीज हरळीच्या मुकुटात थंडीमुळे कायटिनेज या एंझाइमांची निर्मितीही वाढते. कवकांच्या (बुरशीसारख्या जीवांच्या) कोशिकाभित्तीतील कायटिनाचे विघटन करणे हे त्यांचे परिचित कार्य होय. ‘स्प्रिंग डेड स्पॉट’ या कवकजन्य रोगाने ग्रासलेली हरळी थंडीत अधिक मरते. त्या दृष्टीने ही गोष्ट लक्षणीय आहे.

प्रकारभेद : टिफग्रीन (१९५६, जॉर्जिया) व मिडआयर्न (१९७१, कॅन्सस) या प्रकारांची ओक्लाहोमात तुलना करण्यात आली. दिवसा ८° व रात्री २° से. तापमानात काही आठवडे ठेवल्यावर ज्या तापमानास निम्मी रोपे मरतात, ते दोन्ही प्रकारांत सु. ५ अंशांनी खाली गेले. मिडआयर्नमध्ये ते −११° से.च्या आसपास, तर टिफग्रीनमध्ये −८° ते −९° से. होते. अनुकूलनाची शक्ती दोघांतही आहे. मात्र मिडआयर्न मुळातच अधिक काटक आहे.

अनुकूलनाचा ऱ्हास : काही आठवड्यांत मिळविलेले हे संरक्षण उबदार हवेच्या काही दिवसांत नाहीसे होऊ शकते. शर्करा नव्या फुटव्यांकडे वळते आणि संरक्षक प्रथिने घटतात. म्हणूनच ऐन हिवाळ्यातील तीव्र थंडीतून वाचलेली हिरवळ हिवाळ्याच्या अखेरीस, उबेनंतर आलेल्या तुलनेने सौम्य हिमाने मरते. नुकसान नेमके किती झाले ते पिंगट पानांवरून कळत नाही. मुकुट व मूलक्षोडे तपासावी लागतात. शरद ऋतूच्या अखेरीस भरपूर नायट्रोजन देणे, फार खुजी कापणी करणे व दाट सावली या गोष्टी वनस्पतीच्या संचयाला बाधक ठरतात, तर पुरेसे पोटॅशियम साहाय्यक ठरते. हिवाळ्यात हिरवळ हिरवी राखण्याचा हट्ट अनेकदा तिच्या जिवावर बेततो. तिचे पिंगटपण हा तिच्या बचावाचाच भाग आहे.